टीका सरकारवर, द्वेष माणसाचा: गोवा, बेळगाव आणि एक ज्यू मंत्री

 

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला केला आणि त्यानंतर गाझात युद्ध पेटलं. तेव्हापासून आपल्या घरांतून एक शब्द वरचेवर ऐकू येतोय, अँटिसेमिटिझम. म्हणजे ज्यूद्वेष. आपली मुलं, नातवंडं अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, जर्मनीत शिकतात, नोकऱ्या करतात. ती फोनवर सांगतात, की इस्रायल सरकारच्या विरोधात एखाद्या पत्रकावर सही करायची तरी दहादा विचार करावा लागतो, ज्यूद्वेष्टा म्हणून शिक्का बसला तर काय, अशी भीती. तीच मुलं हेही सांगतात, की वर्गातला ज्यू मुलगा डोक्यावरची छोटी टोपी खिशात घालून बाहेर पडतो, कारण रस्त्यात कोण काय बोलेल सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपण मात्र चहा पिता पिता कुठली तरी एक बाजू धरतो आणि मोकळे होतो.

मला या वादात कुणाला जिंकवायचं नाही. सरकारवरची टीका आणि एखाद्या समाजाचा द्वेष या दोन गोष्टींची गल्लत झाली, की नुकसान दोघांचं होतं, एवढंच मला सांगायचंय. बोलणाऱ्याचं तोंड बंद होतं हे उघड आहे. पण ज्या माणसाच्या रक्षणासाठी तो शब्द आहे, त्या ज्यू माणसाचंही नुकसान होतं, कारण ऊठसूट वापरलेल्या शब्दाची धार जाते. आणि हे समजून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. गोवा, बेळगाव आणि कोकण यांच्या इतिहासात यातलं बरंच काही घडून गेलं आहे.

आधी शब्दाचं बघू. हा शब्द १८७९ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मार नावाच्या पत्रकाराने रूढ केला. त्याला तो शिवी वाटत नव्हता, उलट भूषण वाटत होतं. ज्यूंच्या विरोधात त्याने याच नावाचा संघ काढला. ज्यूंचा राग युरोपात आधीपासून होता, पण तो मुख्यतः धर्माच्या नावाने. मार आणि त्याच्यासारखे लोक म्हणू लागले, की ज्यूने धर्म बदलला तरी उपयोग नाही, खोट त्याच्या रक्तातच आहे. माणूस काय करतो हे बघायचंच नाही, कुणाच्या पोटी जन्मला ते बघायचं. ज्यूद्वेषाचं मूळ हे आहे आणि ते नीट लक्षात ठेवलं पाहिजे.

रक्तावरून माणूस जोखायची ही रीत मारच्या तीनशे वर्षं आधी आपल्या गोव्यात चालू होती. पणजीला चर्चच्या चौकात जी पालिकेची बाग आहे, ती गार्सिया द ओर्ताच्या नावाची. बागेत बसून आपण किती वेळा चणे खाल्ले असतील, पण तो कोण होता हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तो पोर्तुगीज वैद्य. १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याची ऊठबस होती, मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालं होतं. आपल्याकडची झाडपाला-औषधं, मसाले, फळं यांवर त्याने संवादाच्या रूपात मोठा ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. युरोपातल्या वैद्यांना हिंदुस्थानातल्या औषधांची पद्धतशीर ओळख या पुस्तकाने करून दिली.

पण त्याचे आईवडील मूळचे ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा ते पोर्तुगालला पळाले, आणि तिथे १४९७ मध्ये ज्यूंचा सक्तीने बाप्तिस्मा झाला. अशा लोकांना आणि त्यांच्या मुलाबाळांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत. चर्चला गेले तरी संशय पाठ सोडत नसे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसलं. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुपचूप ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आलं. एवढ्यानेही भागलं नाही. १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि जाळली. हेच इन्क्विझिशन पुढे बाटलेल्या हिंदूंच्या घरात शिरून तुळस, धोतर, लग्नातली गाणी शोधत बसलं. मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत ते चाललं. गोव्याच्या मंडळींना हे सांगायला नको.

ओर्ताने कुठल्या राजावर टीका केली नव्हती, कुणाच्या धोरणाला विरोध केला नव्हता. मेल्यानंतर बारा वर्षांनी एखाद्याची हाडं जाळावीशी वाटणं, याला द्वेष म्हणतात. हा एक टोकाचा नमुना मनात ठेवू आणि गोव्याहून घाट चढून बेळगावला येऊ.

१९१६ सालचं बेळगाव. एप्रिलअखेर इथे मुंबई प्रांतिक परिषद भरली आणि त्याच वेळी टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. १ मे ला त्यांनी बेळगावात स्वराज्यावर भाषण केलं. नंतर महिनाभराने अहमदनगरला दोन भाषणं केली. बेळगावच्या भाषणात त्यांनी साध्या माणसाला समजेल असा एक भेद करून दाखवला. सरकार दोन प्रकारचं असतं, एक अदृश्य आणि एक दृश्य. राज्यसंस्था ही अदृश्य. ती नको असं कुणी म्हणत नाही. कलेक्टर, मामलेदार, पोलीस हे दृश्य सरकार, म्हणजे कारभारी. कारभार वाईट असेल तर कारभारी बदला म्हणायचा हक्क प्रजेला आहे आणि तसं म्हटल्याने राज्याचा द्रोह होत नाही.

इंग्रज सरकारला हा भेद मान्य नव्हता. राजद्रोहाच्या कलमात, म्हणजे १२४ अ मध्ये, शब्दच असे होते की सरकारविषयी ‘द्वेष’, ‘तुच्छता’ किंवा ‘अप्रीती’ उत्पन्न केली तर गुन्हा. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी त्याचा अर्थ लावला, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे प्रजेने सरकारवर प्रेम केलंच पाहिजे, नाही केलं तर तुरुंग! टिळकांना तेव्हा दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ मध्ये पुन्हा त्याच कलमाखाली सहा वर्षं मंडाले. १९१६ मध्ये त्यांच्या साठाव्या वाढदिवसाच्या सुमारास सरकारने तिसऱ्यांदा हत्यार उपसलं. बेळगाव आणि नगरच्या भाषणांवरून त्यांच्याकडून एक वर्ष नीट वागण्याबद्दल २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले.

या वेळी प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. ९ नोव्हेंबर १९१६ ला न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. भाषणातली सुटी सुटी वाक्यं वेचून काढू नका, भाषण पूर्ण वाचा आणि त्याचा एकंदर रोख काय आहे ते बघा, अशी ती दृष्टी होती. रोख राज्य उलथवण्याचा नव्हता, राज्यकारभारात हिंदी माणसाला अधिकार मिळावा हा होता.

बेळगावात बोललेल्या शब्दांवरून सुटलेला हा खटला आपण टिळकांचा विजय म्हणून साजरा करतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सत्तेला टीका नकोशी झाली, की ती टीकेला द्वेष म्हणते. टीकेला उत्तर द्यावं लागतं, द्वेषाला मात्र शिक्षा करता येते. म्हणून हा शब्द सोयीचा पडतो.

आता ज्या माणसासाठी ही पोस्ट लिहायला घेतली त्याच्याकडे येतो. एडविन माँटेग्यू. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा शाळेत पाठ केल्या नाहीत असा आपल्यात कोण असेल? पण हा भारतमंत्री ज्यू होता हे इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही.

१९१७ च्या जुलैत तो भारतमंत्री झाला. २० ऑगस्टला त्याने पार्लमेंटात जाहीर केलं, की हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देणं हे ब्रिटिश सरकारचं धोरण राहील. त्यानंतर तीनच दिवसांनी, २३ ऑगस्टला, त्याने आपल्याच सरकारपुढे एक टिपण ठेवलं. त्याचं शीर्षकच होतं, ‘सध्याच्या सरकारचा अँटिसेमिटिझम’. विषय होता पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी राष्ट्रीय घर उभारायला ब्रिटनने पाठिंबा द्यावा की नाही. परराष्ट्रमंत्री बाल्फर आणि पंतप्रधान लॉइड जॉर्ज अनुकूल होते. हा ज्यू मंत्री कडाडून विरोधात होता.

त्याचं म्हणणं असं, की ज्यू हा धर्म आहे, वेगळं राष्ट्र नव्हे. तुम्ही ज्यूंना एक देश दाखवलात, की जगभरातले ज्यूद्वेष्टे म्हणतील, तुमचा देश तिकडे आहे, इथून चालते व्हा. पिढ्यान्‌पिढ्या इंग्लंडमध्ये राहिलेला ज्यू स्वतःच्याच घरात परका ठरेल. आणि पॅलेस्टाइनमध्ये जे लोक आधीपासून राहतात त्यांचं काय? शेवटी २ नोव्हेंबर १९१७ ला बाल्फर घोषणा झालीच. पण तीत दोन अटी आल्या. पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंखेरीज इतर लोकांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना बाध येता कामा नये, आणि इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना आणि दर्जालाही येता कामा नये. या दुसऱ्या अटीमागे माँटेग्यूसारख्यांचा विरोध होता.

त्याचं बरोबर होतं की चूक, हा वाद आजही मिटलेला नाही. पुढच्या तीस वर्षांत नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंना मारलं, आणि आपला स्वतःचा एक देश असलाच पाहिजे असं त्यानंतर असंख्य ज्यूंना वाटलं. ते वाटणं कुणी हलक्यात घेऊ नये. पण आज काहीजण सरसकट म्हणतात, की झायोनिझमला, म्हणजे ज्यू राष्ट्राच्या कल्पनेला विरोध केला की तो ज्यूद्वेषच. हा नियम लावला तर माँटेग्यू ज्यूद्वेष्टा ठरतो. आणि ज्यूद्वेष म्हणजे काय हे तर त्याने स्वतःच्या अंगावर सोसलं होतं. कसं ते बघा.

माँटेग्यूला विरोध दोन बाजूंनी झाला. पहिला आपल्याकडून. १९१७ च्या अखेरीस तो हिंदुस्थानात आला तेव्हा टिळकांसह अनेक पुढारी त्याला भेटले. पुढे सुधारणा जाहीर झाल्या तेव्हा त्या अपुऱ्या आहेत म्हणून टिळकांनी त्यांवर कडक टीका केली. डिसेंबर १९१९ मध्ये अमृतसरच्या काँग्रेसने ठराव केला, की या सुधारणा अपुऱ्या, असमाधानकारक आणि निराशाजनक आहेत. आणि त्याच ठरावात माँटेग्यूने घेतलेल्या श्रमांबद्दल त्याचे आभारही मानले. कामावर टीका आणि माणसाचा मान, दोन्ही एका ठरावात बसलं. त्याच्या धर्माशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं.

दुसरा विरोध इंग्लंडमध्ये झाला. जालियनवाला बागेनंतर जनरल डायरला सैन्यातून बाजूला केलं आणि ८ जुलै १९२० ला त्यावर पार्लमेंटात चर्चा झाली. माँटेग्यूने उभं राहून विचारलं, की तुम्हाला हिंदुस्थानावर दहशतीच्या आणि वांशिक अपमानाच्या बळावर राज्य करायचं आहे का? समोरचे हुजूर पक्षाचे सभासद खवळले. सभागृहात त्या दिवशी ज्यूविरोधी भावना उसळली होती, एक ज्यू, एक परका माणूस इंग्रज सेनापतीला शिकवतो अशी ती चीड होती, हे तिथे हजर असलेल्या लोकांनीच पत्रांत आणि टिपणांत नोंदवून ठेवलं आहे. ‘मॉर्निंग पोस्ट’ या वर्तमानपत्राने डायरसाठी निधी उघडला, त्यात २६,००० पौंड जमले. त्याच वर्षी त्याच जुलै महिन्यात तेच पत्र जगातल्या अशांततेमागे ज्यूंचं कारस्थान असल्याची लेखमाला छापत होतं. तिचा आधार होता ‘प्रोटोकॉल्स’ नावाचं बनावट पुस्तक. ते बनावट असल्याचं पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९२१ मध्ये, लंडनच्याच ‘टाइम्स’ने पुराव्यासह दाखवून दिलं.

जालियनवालातल्या आपल्या माणसांसाठी बोलला म्हणून एका मंत्र्याला त्याच्या जन्मावरून शिव्या खाव्या लागल्या. दोन्ही विरोध एकाच माणसाच्या वाट्याला आले. टिळक आणि काँग्रेस यांनी त्याच्या कायद्यातली कलमं दाखवली. लंडनमधल्या लोकांनी त्याचं रक्त दाखवलं. याहून स्वच्छ उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता आपल्या अगदी घरच्या लोकांकडे येऊ. अलिबाग, पेण, रेवदंडा भागातले बेने इस्रायली. नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. पेणकर, किहीमकर, नवगावकर, अष्टमकर अशी आडनावं. पुढे इंग्रजी अमदानीत रेल्वे, पोस्ट, पलटण, दवाखाने, शाळा यांतल्या नोकऱ्यांबरोबर ते मुंबई, पुणे, अहमदाबाद असे पसरले. आपल्यासारखेच मराठी घरात जपून परगावी स्थिरावलेले. माझ्या लहानपणी आमच्या शेजारी असं एक कुटुंब होतं. काकूंचा मलिदा, पोह्यांचा, गूळखोबऱ्याचा, आम्ही वाटीने खाल्लाय. ते ज्यू आहेत म्हणजे काय हे आम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही, कारण तशी गरजच पडली नाही. शनिवारी त्यांच्याकडे खेळायला जायचं नाही, एवढंच ठाऊक.

१९४८ नंतर यातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. स्वतःच्या धर्माच्या देशात निघालो म्हणून आनंदाने गेले. आणि तिथे जे भोगावं लागलं त्याबद्दल गप्प बसले नाहीत. नोकऱ्यांत, घरांत आपल्याशी रंगावरून भेदभाव होतो अशी तक्रार करत काहीजणांनी १९५१-५२ मध्ये तेल अवीवला ठिय्या दिला आणि आम्हाला हिंदुस्थानात परत पाठवा अशी मागणी केली. शंभरावर माणसं खरोखरच मुंबईला परत आली. त्यातले बरेचजण पुढे पुन्हा इस्रायललाच गेले, हेही सांगायला हवं.

याहून मोठा प्रसंग १९६० नंतरचा. तिथे लग्नं धर्मपीठाच्या हाती. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या धर्मपीठाने सूचना काढल्या, की बेने इस्रायली वधूवरांचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत. ज्यांनी कोकणात शतकानुशतकं शनिवार पाळला, त्यांनाच तुम्ही ज्यू आहात याचा पुरावा द्या असं सांगण्यात आलं. मराठी बोलणारी ही माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली, धरणं धरलं. शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेचं खास अधिवेशन भरलं, पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं आणि महिनाअखेर धर्मपीठाने सूचनांमधून त्यांचं नाव काढलं.

यांना ज्यूद्वेष्टे म्हणायचं का? आजही तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक ही मंडळी काढतात. देशावर प्रेम आहे म्हणूनच ते त्या देशाच्या सत्तेशी भांडले. भांडले नसते तर त्यांच्या पोरांची लग्नं आजही चौकशीत अडकली असती.

हे सगळं जुनं झालं. आजची अडचण कुठून आली तेही बघू. २००५ मध्ये युरोपीय संघाच्या एका संस्थेने ज्यूद्वेषाची एक कामचलाऊ व्याख्या तयार केली. देशोदेशीच्या घटना मोजायच्या तर सगळ्यांनी एकच माप वापरावं, हा हेतू. ती लिहिण्यात मुख्य हात होता केनेथ स्टर्न या अमेरिकन ज्यू वकिलाचा. २०१६ मध्ये होलोकॉस्टच्या स्मरणाचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आघाडीने, आयएचआरएने, जवळपास तीच व्याख्या स्वीकारली. तिच्यासोबत ११ उदाहरणं आहेत आणि त्यातली बहुतेक इस्रायलशी संबंधित आहेत. इतर कुठल्याही देशावर होते तशी टीका इस्रायलवर केली तर तो ज्यूद्वेष नव्हे, असंही त्यातच लिहिलं आहे. पण व्यवहारात उदाहरणं उचलली गेली आणि हे वाक्य मागे पडलं. २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी विद्यापीठांतल्या भेदभावाच्या तक्रारी तपासताना ही व्याख्या विचारात घ्या असा आदेश काढला, तेव्हा खुद्द स्टर्न यांनी जाहीर लेख लिहून विरोध केला. माहिती गोळा करायला केलेलं माप तुम्ही लोकांची तोंडं बंद करायला वापरताय, असा त्यांचा आक्षेप होता. मापटं करणाऱ्यानेच सांगितलं, की हे दांडकं म्हणून वापरू नका. २०२१ मध्ये सुमारे २०० अभ्यासकांनी, त्यात ज्यू इतिहासाचे मोठे जाणकार होते, ‘जेरुसलेम जाहीरनामा’ काढून टीका आणि द्वेष यांच्यातली रेघ अधिक स्पष्ट करून दाखवली.

गल्लतीचे परिणाम कसे विचित्र होतात ते जर्मनीत दिसलं. २०१९ च्या जूनमध्ये बर्लिनच्या ज्यू संग्रहालयाचे संचालक पेटर शेफर यांना राजीनामा द्यावा लागला. संग्रहालयाने एका लेखाचा दुवा समाजमाध्यमावर दिला, एवढ्यावरून वादळ उठलं. तो लेख कशाबद्दल होता? इस्रायलवरच्या बहिष्काराच्या चळवळीला ज्यूद्वेषी ठरवणाऱ्या जर्मन संसदेच्या ठरावाला विरोध करणाऱ्या २४० ज्यू आणि इस्रायली अभ्यासकांबद्दल! २०२३ च्या डिसेंबरात माशा गेसन या ज्यू लेखिकेला हाना आरेंट यांच्या नावाचा पुरस्कार मिळणार होता. गाझाची तुलना नाझींच्या काळातल्या ज्यू वस्त्यांशी केली म्हणून एका प्रायोजक संस्थेने अंग काढलं आणि समारंभ छोट्या जागेत उरकावा लागला. ती तुलना अनेकांना पटली नाही, मलाही ती ओढूनताणून वाटते. पण न पटलेल्या तुलनेला उत्तर द्यायचं असतं.

दुसरीकडे फ्रान्सचं उदाहरण आहे. तिथे ११ कार्यकर्त्यांनी सुपरमार्केटमध्ये इस्रायली माल घेऊ नका अशी पत्रकं वाटली म्हणून त्यांना शिक्षा झाली होती. जून २०२० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला, की ही शिक्षा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. बहिष्काराची हाक ही राजकीय मागणी आहे. द्वेष किंवा हिंसा चेतवली तर गोष्ट वेगळी. विदेशी कापडाच्या होळ्या ऐकून मोठे झालेल्या आपल्याला हा निकाल समजायला जड जाऊ नये. १९१६ च्या मुंबईच्या निकालाशी त्याचं नातं आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण ती टाळली तर ही पोस्ट अर्धवट राहील. टीकेचं कातडं पांघरून द्वेषही येतो, आणि तो वारंवार आला आहे. १९६८ मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने ‘झायोनिझमविरोधी’ मोहीम काढली. प्रत्यक्षात काय झालं? ज्यांचा इस्रायलशी काडीचा संबंध नव्हता, अशा पोलिश ज्यूंना नोकऱ्यांवरून काढलं, पक्षातून हाकललं. तेरा हजारांवर लोकांना देश सोडावा लागला. शब्द झायोनिस्ट वापरला, निशाणा ज्यू होता. आपल्या मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेक्यांनी ताज, ओबेरॉय, सीएसटीबरोबर कुलाब्याच्या एका गल्लीतलं नरिमन हाउस मुद्दाम निवडलं. तिथे सहा जणांचा जीव गेला. ज्यूद्वेष ही परदेशातली कल्पित भीती आहे असं म्हणणाऱ्याने ती गल्ली एकदा बघून यावी. म्हणूनच हा शब्द खऱ्या वेळी ऐकला जावा असा शिल्लक राहिला पाहिजे. लांडगा आला रे आला करणाऱ्या पोराच्या गोष्टीत शेवटी मेंढ्याच गेल्या.

मग ओळखायचं कसं? टिळकांच्या खटल्यात कोर्टाने केलं तेच करायचं, पूर्ण भाषण वाचायचं. बोलणारा धोरणाबद्दल, युद्धाबद्दल, मंत्र्याबद्दल बोलतोय की जन्माबद्दल? जेरुसलेममधल्या सरकारने केलेल्या गोष्टीचा जाब तो लंडनच्या, न्यूयॉर्कच्या किंवा ठाण्याच्या ज्यू शेजाऱ्याला विचारतोय का? जगाच्या नाड्या यांच्या हातात, पैसा यांचा, हे जुने ‘प्रोटोकॉल्स’मधले आळ नव्या शब्दांत येतायत का? तसं असेल तर तो द्वेष आहे, मग भाषा कितीही सभ्य असो. नसेल तर ती टीका आहे, मग ती कितीही कडू लागो.

हे आपल्याला सीमाभागात समजायला हवं, कारण आपण ते रोज जगतो. मराठी शाळेबद्दल, कागदपत्रांच्या भाषेबद्दल सरकारला काही विचारलं की आपल्याला कानडीद्वेष्टे म्हणतात. आपल्याला ते लागतं, कारण आपली भांडणं सरकारशी असतात आणि आपली उसनवारी, लग्नकार्यं, आजारपणं शेजारच्या कानडी घराबरोबर होतात. पण सरकारवर बोलता बोलता शेजाऱ्याच्या भाषेवर घसरणारे आपल्यातही आहेत, हे कुणी नाकारू नये. रेघ दोन्ही बाजूंनी पाळावी लागते.

शेवटी एक आठवण देतो. १८९४ मध्ये फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू कॅप्टनला खोट्या आरोपावरून देशद्रोही ठरवलं. १८९८ मध्ये एमिल झोला या कादंबरीकाराने राष्ट्राध्यक्षांना उघड पत्र लिहून लष्कराला जाब विचारला. त्याला लष्कराचा अपमान केला म्हणून शिक्षा झाली, इंग्लंडला पळून जावं लागलं. पण १९०६ मध्ये ड्रायफस निर्दोष सुटला. एका ज्यूला न्याय मिळाला तो सरकारवर टीका करायची कुणीतरी हिंमत केली म्हणून. मोकळं बोलणं हे ज्यूंचंही संरक्षण होतं आणि आहे.

तुमच्या गावात, वडोदऱ्याला, इंदूरला, ग्वाल्हेरला, हैदराबादला बेने इस्रायली शेजारी होते का? त्यांची घरं, सण, शाळेतल्या बाई, डॉक्टर, कुणी इस्रायलहून पाठवलेली मराठी पत्रं, असं काही आठवत असेल तर खाली लिहा. जुने फोटो असतील तर त्या कुटुंबाला विचारून मगच टाका. ती पिढी आता थकत चालली आहे, जे आहे ते लिहून ठेवू.